कर्ज घेतलंय, अब्रू गहाण टाकलेली नाही : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं मोबाईलवरच्या कर्जाची, गटाच्या हप्त्यांची आणि बंद पडलेल्या खात्यांची आहेत, म्हणून आख्खं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, आणि ज्या कंपन्यांची नावं तुम्ही कळवली तीही काढलीत, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार, मी अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. पगार लांबला आणि पोरीची फी भरायची होती म्हणून एका ॲपवरून लोन घेतलं. स्क्रीनवर 5000 दाखवलं, खात्यात 3100 आले, आणि सातव्या दिवशी 5000 मागायला लागले. एक दिवस उशीर झाला तर माझा फोटो घाणेरड्या फोटोला जोडून सुपरवायझरला, मनमाडच्या सासऱ्यांना, गावाकडच्या भावकीला पाठवला. नंतर पैसे भरले तरी अजून मागतातच. पण फोनमधलं बघायची परवानगी मीच दिली होती ना. पोलीस मलाच धरतील का? जीव नकोसा झालाय. – एक वाचक, सिडको

दादा, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू. 14416 हा मानसिक आधार देणाऱ्या टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो, आज फोन करा. आणि घरातल्या एका माणसाला आजच सगळं सांगा, वहिनींना सांगा. या लोकांचा सगळा धंदा तुम्ही लाजेनं गप्प बसाल यावर चालतो, एकदा घरात माहीत झालं की त्यांच्या हातातलं अर्धं हत्यार गेलं.

पोलीस तुम्हाला धरणार नाहीत. कर्ज वेळेत न फेडणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. हां, चेक बाऊन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 आणि ऑटो-डेबिटचा हप्ता बाऊन्स झाला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 लागू शकतं, हे लपवून ठेवायचं कारण नाही, पण तिथंही आधी रीतसर नोटीस येते, पैसे भरायला मुदत मिळते, मग कोर्टाचं समन्स. व्हॉट्सॲपवर वॉरंटचा फोटो पाठवणारा ना कोर्ट असतो ना पोलीस. उलट गुन्हा त्यांनी केलाय. धमकी देऊन पैसे उकळणं म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं कलम 308, धमकावणं म्हणजे 351, आणि असले फोटो बनवून पाठवले की आयटी कायद्याचं 67 आणि 67अ.

आता करायचं काय. ॲप उडवायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, कर्जाची स्क्रीन, खात्यात आलेल्या 3100 ची एंट्री, तुम्ही भरलेल्या पैशांची एंट्री, कुठल्या यूपीआय आयडीवर भरले ते, धमकीचे मेसेज, नंबर. ज्यांना फोटो गेलाय त्यांच्याकडूनही तो मेसेज जसाच्या तसा ठेवायला सांगा, डिलीट करू देऊ नका. मग 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन किंवा नॅशनल सायबर क्राईम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार, आणि तो तक्रार क्रमांक घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हटलं तर झिरो एफआयआर म्हणा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचा प्रश्न आड येत नाही. त्यानंतर ॲप काढा. पण लक्षात ठेवा, ॲप काढलं म्हणून त्यांनी आधी उचललेली कॉन्टॅक्ट लिस्ट परत येत नाही, म्हणून ओळखीच्यांना एक साधा मेसेज टाका की माझ्या नावानं काही आलं तर ते फसवणुकीचं आहे, ब्लॉक करा. आणि एक पैसाही अजून भरू नका, हे भरायला दुसऱ्या ॲपवरून तर मुळीच घेऊ नका, अशी साखळी लागली की पाच-सहा ॲप कधी होतात कळतसुद्धा नाही.

तुमचा हिशोब मी मांडून बघितला. 3100 वर आठवड्याला 1900 म्हणजे सात दिवसांचं एकसष्ट टक्के, वर्षाचं साध्या पद्धतीनं धरलं तर तीन हजार टक्क्यांच्या वर जातं. खरा कर्ज देणारा असता तर त्याला सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे एक छोटं पत्रक द्यावं लागलं असतं ज्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि तो आकडा डोळ्यांनी बघितला असता तर तुम्हीच काय, कुणीच ते बटण दाबलं नसतं. त्या पत्रकात नसलेला चार्ज नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

रिझर्व्ह बँकेनं मोबाईलवरच्या कर्जाचे नियम पहिल्यांदा 2 सप्टेंबर 2022 ला काढले आणि 8 मे 2025 ला ते सुधारून एकत्र केले. त्यात स्वच्छ लिहिलंय की ॲपनं फोनमधल्या फाईल, फोटो, कॉन्टॅक्ट, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, कॅमेरा-माईक-लोकेशन फक्त केवायसीपुरतं आणि तेही विचारून. पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि परतफेडही थेट बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेली, पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) खात्यात, मधल्या कुणाच्या यूपीआयवर नाही. किमान एक दिवसाचा कूलिंग-ऑफ काळ द्यायचा, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, फार तर आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी जाते. 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर अशा ॲप्सची यादीही आहे. फक्त ती यादी कंपन्यांनी स्वतः भरलेल्या माहितीची आहे, यादीत नाव दिसलं म्हणजे रिझर्व्ह बँकेनं हमी दिली असं नाही, पण नावच नसेल तर तिथंच थांबा.

तुमचं ॲप कुठल्याच नोंदणीकृत कंपनीशी जोडलेलं नसेल तर पोलिसांसोबत रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही टाका. मागे खरी कंपनी निघाली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाईन करता येतं, फी नाही, वकील लागत नाही.

आणि दादा, तुम्ही ‘परवानगी मीच दिली होती ना’ असं पत्रात लिहिलंय. फी भरायची शेवटची तारीख डोक्यावर असताना, ‘अलाऊ’ दाबल्याशिवाय पुढंच जाता येत नाही अशा स्क्रीनवर दाबलेलं बटण म्हणजे बायको-पोरांच्या फोटोंवर लिहून दिलेला हक्क नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलंय की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, आणि तो कर्जदाराला नाही असं कुठंही म्हटलेलं नाही.

प्रश्न : आम्ही दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या बागांवर कामाला जातो, छाटणी, डिपिंग, थिनिंग. ग्रुपचं लोन घेतलंय. यंदा पावसानं कामच लागलं नाही तर एका बाईचे हप्ते थकले. कंपनीचे वसुलीवाले सर लोक रात्री आठला तिच्या दारात बसून राहतात, आम्हा सगळ्यांना तिथं बोलवून घेतात आणि ती पैसे देईपर्यंत उठायचं नाही म्हणतात. तिला तीन कंपन्यांचं कर्ज आहे हे त्यांना टॅबमध्ये दिसत होतं तरी दिलं. इन्शुरन्सचे पैसेही न विचारता कापले. – गटातल्या बायका

ताईंनो, तुमचं पत्र वाचून मला राग आला, तो लपवत नाही. ज्यांनी टॅबवर बघून, समजून-उमजून कर्ज दिलं त्यांची जबाबदारी आता एका बाईच्या ओट्यावर आणून टाकतायत.

मायक्रोफायनान्सचे रिझर्व्ह बँकेचे हे नियम 14 मार्च 2022 ला आले. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे त्यांना बिनतारण दिलेलं कर्ज यात येतं, म्हणजे तुमचं येतं. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त पैसा सगळ्या कर्जांच्या हप्त्यात मिळून जाता कामा नये, ही मर्यादा पाळायची जबाबदारी देणाऱ्याची आहे. त्यांनी उत्पन्न विचारून लिहून ठेवायचं असतं. आता तुमच्या मैत्रिणीच्या फॉर्मवर उत्पन्न किती लिहिलंय ते बघायला मागा, कर्ज बसावं म्हणून आकडा वाढवून लिहितात अशा तक्रारी मला बऱ्याच ठिकाणाहून येतात. बागेचं काम हंगामी, गोडी छाटणी ते माल निघेपर्यंत चार पैसे, नंतर हात रिकामे, आणि हप्ता मात्र दर आठवड्याला, हे कर्ज आखतानाच चुकलेलं असतं.

रात्री आठला दारात बसण्याचं काय. या कर्जांसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करणंसुद्धा त्रास देण्यात धरलंय (इतर कर्जांना हीच वेळ 8 ते 7 आहे). वसुली आधी दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची, तिथं कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही तरच घरी जायचं. शिवीगाळ, सारखे फोन, नातेवाईकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास, थकलेल्यांची नावं जाहीर करणं, ‘पोलीस येतील, घर जाईल’ अशी खोटी भीती घालणं, सगळं बंद आहे. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही. इन्शुरन्स वगैरे जोडून विकायचं तर तुमची पूर्ण संमती लागते, म्हणजे न विचारता कापलेले पैसे लेखी अर्ज करून परत मागा. कर्जाचं पत्रक आणि लोन कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं.

गटाच्या हमीचं मात्र खरं सांगते. तुम्ही एकमेकींसाठी सह्या केल्या असतील तर एकीचं थकलं की बाकीच्यांकडे मागणी येऊ शकते, कागद नीट वाचून घ्या. पण मागणी करणं वेगळं आणि बायकांना कोंडून बसवणं वेगळं. कुणाला तिच्या मनाविरुद्ध जागेवरून हलू न देणं हा गुन्हा आहे, पुढच्या वेळी असं झालं तर 112 लावा. आणि जी थकलीय तिला एकटी पाडू नका, 2010 मध्ये आंध्र प्रदेशात याच धंद्यात काय झालं ते देशानं पाहिलंय, कर्जाच्या वसुलीच्या जाचानं माणसं गेल्याच्या बातम्या आल्या, सरकारला अध्यादेश काढावा लागला. सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनी एक अर्ज करा, तारखा आणि वेळा लिहा, हप्त्याची फेरआखणी मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. तक्रार कुठं करायची हे लोन कार्डावरच छापलेलं असतं.

प्रश्न : गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात भाजी विकतो. कुणीतरी क्यूआरवर 400 रुपये टाकले आणि आठ दिवसांनी आख्खं खातंच फ्रीज. बँक म्हणते बाहेरच्या राज्यातल्या पोलिसांचं आहे, आमच्या हातात नाही. खात्यात पोराच्या ॲडमिशनचे पैसे आहेत. – एक भाजीवाले, पंचवटी

भाऊ, होतं असं की कुठंतरी कुणाची फसवणूक झाली, त्यानं 1930 ला कळवलं, आणि ते पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले ती सगळी एकामागून एक अडवली जातात. त्या साखळीतल्या कुणीतरी तुमच्याकडून मेथी-कोथिंबीर घेतली की तुमचं खातं त्यात आलं. फसलेल्या माणसाचे पैसे वाचायला पाहिजेत हे मान्यच, पण 400 रुपयांसाठी माणसाची सगळी कमाई अडकवणं मला तरी न्यायाचं वाटत नाही, आणि केरळ हायकोर्टानंही 2023 मध्ये असंच म्हटलंय की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवलीय तेवढीच रोखा, बाकी खातं चालू ठेवा.

बँकेला लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा : तक्रार क्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, किती रक्कम. त्याच अर्जात ‘वादातली रक्कम धरून बाकी मोकळी करा’ असं मागा. मग त्या ठाण्याला ईमेल, सोबत मार्केट यार्डातल्या मालाच्या पावत्या, बाजारातल्या जागेची पावती, खात्याचा उतारा. नाहीच झालं तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 नंबर, उत्पन्न कमी असलेल्यांना आणि बायकांना, कामगारांना, अनुसूचित जाती-जमातींना वकील फुकट मिळतो. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो हे सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच ऑल्गा टेलिस खटल्यात, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या बाबतीत, सांगून ठेवलंय. ‘पैसे द्या, खातं उघडून देतो’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

प्रश्न : मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. खात्याची केवायसी ॲपवर करायला सांगतात, ते म्हणतं डोळे मिचकवा, चौकटीत चेहरा आणा. शाखेत गेलो तर म्हणाले कुणाला तरी सोबत घेऊन या. – एक वाचक, नाशिकरोड

सर, तुमच्या बाजूनं थेट सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. 30 एप्रिल 2025, प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना डोळे मिचकावता येत नव्हते म्हणून केवायसी अडली होती, आणि सोबतची याचिका पूर्ण अंध असलेल्या अमर जैन यांची होती. कोर्टानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि 20 निर्देश दिले, त्यात डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय देणं आणि कागदी केवायसीचा रस्ता उघडा ठेवणं हेही आहे. शाखा व्यवस्थापकांना या निकालाचं नाव आणि तारीख घालून पत्र द्या, तुम्ही एकटे गेलात तरी केवायसी करून देणं त्यांचं काम आहे.

प्रश्न : मी ग्रॅज्युएट आहे, इंदिरानगरला राहतो, एका वसुली कॉल सेंटरमध्ये लागलोय. स्क्रीनवर डायलर आपोआप फोन लावतो, एकाच माणसाला दिवसात वीस-पंचवीस वेळा. टार्गेट नाही झालं की लिस्टमध्ये नाव लाल होतं. टीम लीडर तोंडी सांगतो की घरच्यांना लावा, जरा दम द्या. नोकरी सोडायची ऐपत नाही. मी काय करू? – एक तरुण वाचक

बाळा, तुझं पत्र मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं, कारण अंबडच्या त्या दादांना ज्यानं फोन केला असेल तोही कदाचित तुझ्यासारखाच कुणाचा तरी पोरगा असेल.

नियमानं बघायचं तर वसुली बाहेरच्या एजन्सीला दिली तरी एजंटनं केलेल्या वागणुकीला कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसीच जबाबदार असते, रिझर्व्ह बँक हे वर्षानुवर्षं सांगतेय. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कंपन्या आणि मानवी हक्क यावर मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यात सरकारनं संरक्षण करायचं, कंपनीनं हक्कांचा मान ठेवायचा आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मिळाली पाहिजे अशा तीन गोष्टी आहेत, आणि कंपनीनं आपल्या धंद्याच्या साखळीत काय चाललंय तेही बघायचं असतं. आपल्याकडं शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात मानवी हक्कांचं वेगळं प्रकरण असतं. तुझी एजन्सी ज्या कंपनीसाठी फोन लावते तिच्या चकचकीत अहवालात बहुतेक छान-छान लिहिलेलं असेल. डायलरनं दिवसात पंचवीस फोन लावावेत हे यंत्रानं ठरवलेलं नाही, कुणीतरी माणसानं बसून तो आकडा भरलाय आणि उत्तर त्या माणसाकडून घ्यायला हवं.

पण यात तुझीही मान अडकते. धमकी तुझ्या आवाजात रेकॉर्ड होते, तक्रार झाली तर टीम लीडर ‘मी असं कधीच सांगितलं नाही’ म्हणून मोकळा होईल, कारण त्यानं सगळं तोंडी ठेवलंय. म्हणून तू लेखी कर. साधा नम्र ईमेल टाक, ‘सर, कर्जदाराच्या घरच्यांना फोन करायचे का आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचे का, कृपया लेखी कळवा’. बहुतेक वेळा याला उत्तर येत नाही, आणि उत्तर आलं नाही तर तू नातेवाईकांना फोन न लावल्याबद्दल तुला लेखी कुणी काही म्हणू शकत नाही. आयआयबीएफ या बँकिंगचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा डीआरए म्हणजे कर्जवसुलीचा कोर्स वसुली एजंटला करायला लागतो, एजन्सीनं तुझा केला नसेल तर त्याच मेलमध्ये विचार. स्वतःच्या मोबाईलवरून कुठल्याही कर्जदाराला फोन करू नकोस. फोनवर समोरचा रडायला लागला, जीवाचं बोलला, तर वसुलीचं बाजूला ठेव, 14416 नंबर दे आणि कॉलच्या नोंदीत ते लिही.

डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतायत. त्यात संमती ठरावीक कामापुरती आणि तेवढ्याच माहितीपुरती असते, दिली तितक्याच सहज ती परतही घेता येते. कर्जदाराच्या मामाचा नंबर तुझ्या स्क्रीनवर कसा आला, हा प्रश्न तेव्हा तुझ्या कंपनीला कायद्यानं विचारला जाईल, तू आत्ताच विचारायला लाग.

दुसरी नोकरी शोधत राहा, सातपूर-अंबडला बॅक ऑफिसची कामं निघत असतात, आणि तोवर तुझे ते ईमेल जपून ठेव. ‘सचेत’ किंवा लोकपालाकडे कधी कळवायची वेळ आली तर तारीख, वेळ, कुणी काय सांगितलं एवढं पुरतं. कर्जदारांची नावं आणि नंबर मात्र घरी आणू नकोस, कॉपी करू नकोस, स्क्रीनचा फोटोही काढू नकोस.